पाताळातल्या पाणकिणी

एका राज्यात माणसाचा मोठेपणा जमिनीखाली मोजत. ज्याची विहीर खोल, तो थोर. नवा राजा गादीवर आला की त्यानं पहिलं काम एकच करायचं. बापाच्या विहिरीहून खोल विहीर खणायची. हातभर का होईना, पण खोल. तिच्या तळाचं पाणी कपाळाला लागलं की मगच नगारा वाजायचा. पणजोबाची विहीर इतकी उथळ होती म्हणे, की काठावर बसून तांब्या बुडवता यायचा. तिला लोक हसत. आजोबाच्या विहिरीला पायऱ्या लागल्या, बापाच्या विहिरीला मोट लागली. आणि आता गादीवर होता राजा ताम्रसेन. त्याच्या विहिरीला तळच दिसत नसे. लोक काठावर उभे राहायचे, खालच्या काळोखात बघायचे आणि म्हणायचे, "वा! राजा असावा तर असा!"

राजानं केलं की प्रधान करी, प्रधानानं केलं की सरदार करी, आणि सरदाराचं बघून गल्लीतला प्रत्येक बाप आपल्या पोराच्या हातात पहार देई. खण. माझ्यापेक्षा खोल खण. नाहीतर तोंड दाखवू नकोस.

या सगळ्या थोरामोठ्यांचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता. पाणी उभं असतं. माझ्या अंगणाखाली माझं पाणी, खांबासारखं, थेट पाताळापर्यंत. शेजाऱ्याच्या अंगणाखाली शेजाऱ्याचा खांब. याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे कुणी पाहिलं होतं? कुणीही नाही. कुणी विचारलं होतं? एकीनं विचारलं होतं. तिला गुरुगृह सोडावं लागलं.

ती राजकन्या सोनकी. गुरुजींनी उभ्या पाण्याचा पाठ दिला तेव्हा ती म्हणाली होती, "गुरुजी, पावसाचं पाणी आमच्या अंगणातून तुमच्या अंगणात वाहत येतं. वर आडवं चालणारं पाणी खाली गेल्यावर शहाण्यासारखं उभं का राहील?" गुरुजींनी तिला ओणवं व्हायला सांगितलं. ती झाली नाही. पाटी तिथंच ठेवून निघून आली, ती परत गेलीच नाही.

आता, विहीर खोल गेली की पाणी वर कसं आणायचं? मोटेचे बैल फेस गाळून मरू लागले. तेव्हा दरबारात कालकंठ नावाचा मांत्रिक आला. त्यानं तांब्याची एक कांब विहिरीत सोडली, तिच्यावर राख फुंकली, आणि कांबीचा नाग झाला. त्याचं नाव शोषनाग. तोंड विहिरीच्या तळाशी, शेपूट राजवाड्याच्या हौदावर. तोंडानं पी, शेपटीनं ओक. पाणी खाली सरकलं की नाग तेवढा लांब होई. तो झोपत नसे, आणि त्याची घरघर ऐकून राजवाड्यात दुसरंही कुणी धड झोपत नसे. भिंती थरथरायच्या. ताटातलं वरण थरथरायचं. पण हौद भरलेला होता, कारंजी उडत होती, त्यामुळं थोरांची काही तक्रार नव्हती.

"आणखी थोडं खोल, महाराज," कालकंठ म्हणे. "गोड पाणी अजून खालीच आहे."

आधी पेठेतले आड कोरडे पडले. मग प्रधानाची विहीर खाली गेली, तेव्हा त्यानंही नाग मागितला. मग सेनापतीनं. मग नदी आटली. ती भर उन्हाळ्यातसुद्धा वाहायची, आता हिवाळा सरायच्या आत तिची वाळू उघडी पडली. आणि सगळ्यात शेवटी राजाच्या हौदातलं पाणी बदललं. कोमट झालं. जिभेवर खडूसारखं लागू लागलं.

ते पाणी पिणाऱ्यांच्या दातांवर आधी तपकिरी रेघा उठल्या. मग हातापायांचे सांधे आखडले. मग ती माणसं खालून वर दगड होऊ लागली. म्हातारे हळूहळू झाले, पोरं भराभर झाली.

दरबार भरला. राजपुरोहित म्हणाले, नदी रुसली आहे. सेनापती म्हणाले, पोरी हल्ली विहिरीवर केस मोकळे सोडून जातात. प्रधान म्हणाले, आपल्या वेळी असं नव्हतं. आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं की आणखी खोल खणायचं.

सोनकीचा धाकटा भाऊ होता निंबराज. निंबा. दुधाचे दात पडायच्या वयाचा, आणि त्याचे पाय गुडघ्यापर्यंत काळ्या दगडाचे झाले होते.

"अक्का, वाजवून बघ," तो म्हणायचा.

ती बोटाच्या पेरानं गुडघ्यावर टकटक करायची.

"कोण आहे?" तो विचारायचा, आणि आपणच उत्तर द्यायचा, "आत कुणी नाही. उद्या या."

राजवैद्यानं सांगितलं की दगड छातीला पोचला की संपलं. त्याच संध्याकाळी प्रधान आणि सेनापती यांच्यात वाद लागला. कशावरून? युवराजांचा पुतळा महाद्वारापाशी शोभेल की बागेत, यावरून. पोरगं जिवंत होतं. शेजारच्या दालनात बसून ऐकत होतं.

सोनकीनं ते ऐकलं आणि ती राजवाड्यातून बाहेर पडली. कुठं जायचं ते तिला ठाऊक नव्हतं, पण त्या घरघरीत बसवेना. ती नदीच्या कोरड्या पात्रात शिरली आणि वाळू तुडवत फिरत राहिली.

गोट्यांमध्ये एक टिटवी अंडी राखत बसली होती. ती ओरडली, "पाय बघून टाक! काय शोधतेस?"

"नदी."

"कुठून येते ती?"

"डोंगरावरून. पावसातून."

"पावसाळ्यात. आणि उन्हाळ्यात वाहायची, तेव्हा कुठला पाऊस होता गं?"

सोनकीनं पायानं वाळू उकरून पाहिली. खालीही कोरडीच.

"तुमच्यात कुणालाच उत्तर येत नाही," टिटवी म्हणाली. "उन्हाळ्यातली नदी खालून येते. खाली जा आणि विचार, का थांबलात म्हणून."

"खाली जायला वाट कुठं आहे?"

"बापानं केलीये की तुझ्या. एवढी मोठी."

तेव्हा सोनकी राजाच्या विहिरीवर गेली, शोषनागाच्या अंगाला मिठी घालून खाली उतरू लागली. आधी काळी माती लागली, तिच्यात राजाच्या पणजोबाच्या काळच्या पाण्याची रेघ होती. मग मुरूम लागला, तो एके काळी ओला असायचा, आता हात लावला की भुगा होऊन पडत होता. मग भेगांचा खडक आला. राजाच्या आजोबाच्या काळच्या पाण्याची रेघ तिनं खडकावर पाहिली, मग त्याच्या बापाची. खाली, त्याहून खाली, नाग पीत होता. तळाच्या थोडं वर खडकात एक फट होती. सोनकी अंग चोरून तिच्यात शिरली.

आत पाणकिणी होत्या.

दगडाच्या रंगाच्या बायका. डोळे नाहीत. डोक्यावर घागर. खडकाच्या प्रत्येक फटीत, मुरमाच्या कणाकणांमध्ये त्या उभ्या होत्या, जिथवर नजर जाईल तिथवर. सोनकीला वाटलं, लेणं कोरलंय. मग तिच्या ध्यानात आलं की त्या चालत आहेत. एक पाऊल उचलून ठेवायला त्यांना एक ऋतू लागत होता. लांबवर डोंगराच्या बाजूनं त्या येत होत्या आणि नदीच्या बाजूला त्यांची तोंडं होती. पण विहिरीच्या आसपासच्या पाणकिणी उलट फिरल्या होत्या. चहूबाजूंनी, जणू मोठ्या परातीच्या उतारावर उभ्या असाव्यात तशा, त्या घसरत होत्या, आणि परातीच्या तळाशी नागाचं तोंड होतं. जसजशा जवळ येत तसतशा धावत सुटत. त्यांना धावायचं नव्हतं.

सगळ्यांच्या खाली एक थोरली पाणकीण दगडाला टेकून बसली होती.

"घाईतली दिसतेस," ती म्हणाली.

"माझा भाऊ दगड होतोय."

"होणारच. आमचं पाणी पितो तो. आम्ही चालणाऱ्या नव्हे, बसून राहिलेल्या. दगडाला टेकून इतक्या बसलो की दगड घागरीत विरघळला. आम्हाला कुणी प्यायचं नसतं. प्यायचं ते वरच्या, चालणाऱ्या बायांना."

"मग हा शाप दिला कुणी?"

"दिला नाही कुणी. तुम्ही ओढून घेतलात."

"उतरेल कसा?"

"नदीला चालत आलेलं पाणी त्यानं प्यायला हवं. ते यायचं तर तीन कामं आहेत. पहिलं काम. यांच्यातल्या एकीचा पदर धर आणि तिच्याबरोबर चाल. तिच्या पुढं गेलीस तर हरलीस."

सोनकीनं डोंगराकडून येणाऱ्या एका पाणकिणीचा पदर धरला. वरून आलेल्या माणसाचा पाताळातला ऋतू वर क्षणभराचा असतो, ही तिथली रीत. पण पाताळात तो आख्खा सोसावा लागतो. सोनकीच्या अंगात मुंग्या आल्या. ती ओरडली, "चल ना गं!" तिनं दात खाल्ले, मुठी वळल्या, त्या बाईला ढकलून द्यावं असं तिला शंभरदा वाटलं. पाणकीण एका कणाला वळसा घाली, थांबे, दुसऱ्या कणाला वळसा घाली. सोनकी मागं राहिली. पुढं गेली नाही.

आणि शेवटी नदी आली. डोक्यावर नदीची वाळू दिसू लागली, खालच्या बाजूनं. एक पाऊल उरलं. पाणकिणीनं पाय उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. मग ती वळली. तिच्या मागच्या सगळ्या वळल्या, विहिरीकडं, नागाकडं.

"अगं, पोचलीस की!" सोनकी किंचाळली. "एकच पाऊल!"

पाणकीण पहिल्यांदाच बोलली. "तुझ्या पणजोबाच्या राज्यात निघाले होते मी, पोरी." आणि ती उतारावरून गेली.

सोनकी थोरलीपाशी परत आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आग होती.

"दुसरं काम," थोरली म्हणाली. "पाणी सगळ्यांचं एकच आहे हे वरच्यांनी कबूल करायला हवं. तू सांगून नव्हे. त्यांच्या तोंडून."

सोनकी वर आली. दुपार होती, थोर मंडळी जेवून आडवी झाली होती. तिनं मुदपाकखान्यातून हळदीचं एक पोतं खांद्यावर टाकलं, भिंतीपलीकडं प्रधानाच्या वाड्यात गेली आणि आख्खं पोतं त्याच्या विहिरीत रिकामं केलं. प्रधान ओसरीवर घोरत होता.

राजाच्या विहिरीकडं पाणकिणी धावत सुटतात, हे तिनं पाहिलं होतं. फार थांबावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी राजा ताम्रसेन न्हाऊन दरबारात आला तो पिवळाधमक. कान पिवळे, मिशा पिवळ्या. हसायची कुणाची छाती नव्हती.

"आबा," पाटावर बसवून आणलेला निंबा म्हणाला, "लग्न कुणाशी?"

"गप्प बस! माझ्या पाण्यात हळद कुणी टाकली?"

"आपल्या पाण्यात कुणीच नाही टाकली, महाराज," सोनकी म्हणाली. "मी टाकली ती प्रधानजींच्या विहिरीत."

प्रधान ताडकन उठला. "अशक्य! आमचं पाणी आमच्या अंगणाखाली उभं आहे. वाडवडिलांपासून उभं आहे."

"मग महाराज पिवळे कसे?"

प्रधानानं राजाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्याच्या डोक्यात काहीतरी हळूहळू सरकत होतं, आणि सरकायची त्याला सवय नव्हती.

"महाराज," तो म्हणाला, "म्हणजे आमची विहीर आटली ती... आपण आमचं पाणी पीत होता?"

"तुझं कसलं आलंय?" राजा गरजला. "पाणी काय नाव लिहून येतं? खाली सगळं एकच तर..."

आणि त्यानं आपल्या पिवळ्या हातानं आपलंच तोंड दाबलं.

तेवढ्यात दरबारात सगळ्यांना नागाची घरघर ऐकू आली, आणि प्रत्येक सरदार मनातल्या मनात हिशेब करू लागला की आपल्या विहिरीनं कुणाचं प्यायलं आणि आपलं कुणी प्यायलं. मग जो गलका उठला! एकमेकांच्या पगड्या उडाल्या. इतकी वर्षं पोरांना शिस्त शिकवणारे हे लोक.

सोनकी पुन्हा विहिरीच्या काठाशी गेली. थोरलीचा आवाज खालून आला, "तिसरं काम. राजानं आपली विहीर आपल्या हातानं बुजवायची. वर, पणजोबाच्या रेघेपर्यंत."

सोनकीनं ते राजाला सांगितलं. राजाचा पिवळा रंगसुद्धा उतरला.

"बापापेक्षा उथळ? आजोबापेक्षा उथळ? लोक काय म्हणतील?"

"लोक तहानलेत, महाराज. ते काही म्हणत नाहीत."

"युवराज वाचतीलच असं कुठं आहे?" पुरोहित म्हणाले.

"आणखी थोडंच खोल," कालकंठ म्हणाला. "खाली गोड पाण्याचा समुद्र आहे. एवढ्यात हार मानायची?"

आणि राजा त्याच्याकडं वळला. खरंच वळला. मुलगा कमरेपर्यंत दगड झालेला, आणि हा विचारतोय, "किती खोल?"

तेव्हा सोनकीनं निंबाला पाटासकट उचललं. जड झाला होता तो. ती त्याला घेऊन विहिरीवर गेली, मागून सगळा दरबार धावला. तिनं त्याला कठड्यावर ठेवलं, पाय आत सोडून.

"विहीर बुजवायला दगड लागतात," ती बापाला म्हणाली. "पहिला दगड तयार आहे. तुम्हीच तयार केलाय. ढकला."

"सोनकी! वेड लागलं का तुला?"

"ढकला ना. पुतळ्याला जागा शोधत होता. ही खोल आहे, शोभेल."

निंबा थट्टा करायचा थांबला होता. त्यानं मान वळवून बापाकडं पाहिलं आणि कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

राजा ताम्रसेनानं मुलाला कठड्यावरून खाली उतरवलं. मग त्यानं कठड्यालाच हात घातला. त्या चिऱ्यांवर त्याच्या विहिरीच्या खोलीची बिरुदं कोरलेली होती. नखं फुटेतो ओढून त्यानं एक चिरा उपटला आणि आत फेकला. मग दुसरा. मग तिसरा. त्याला बघून बेलदार आले, पेठेतल्या बाया आल्या, ज्यांचे आड कोरडे पडले होते ते सगळे आले, आणि दगडमातीचा लोंढा विहिरीत उतरू लागला.

शोषनागाच्या तोंडावर दगड बसला. त्याचं पिणं थांबलं. तहान मात्र थांबली नाही. त्यानं शेपूट हौदातून काढली, फणा नसलेल्या त्या टोकानं हवा हुंगली आणि सगळ्यात जवळ जे ओलं सापडलं त्याला चिकटला. तो कालकंठ होता. "आणखी..." एवढंच मांत्रिक म्हणाला. नागानं त्याला प्यायलं. जमिनीवर वाळक्या पानाएवढं काहीतरी उरलं, ते वाऱ्यानं गेलं. मग नागाची पुन्हा तांब्याची कांब झाली. प्रधानाचा आणि सेनापतीचा नागही त्याच क्षणी कांब होऊन पडला.

घरघर बंद झाली. आणि पाणी आलं नाही.

"कुठं आहे पाणी?" सगळे विचारू लागले.

"निघालंय," टिटवी वरून ओरडत गेली. "चालतंय! चालतंय!"

थांबणं कुणाला जमत नव्हतं, सोनकीला तर मुळीच नाही. तिनं सगळ्यांना डोंगरावर नेलं. पळून जाणारा पाऊस अडावा आणि मुरावा म्हणून उतारावर दगडांचे बांध रचायला लावले. सरदारांनी जरीचे जोडे घालून दगड वाहिले आणि दर दगडामागं कुरकुर केली. निंबाला तिनं पन्हाळीखाली धरलेलं पावसाचं पाणी पाजलं. दगड वर चढायचा थांबला, पण उतरला नाही.

पहिला पावसाळा गेला. नदी आली आणि पावसाबरोबर गेली. "बघा," पुरोहित म्हणाले, "पोरीचं ऐकून विहीर घालवली." दुसरा गेला. पुन्हा तेच. सोनकी जमिनीला कान लावून पडून राहायची. तिला ऐकू काही येत नसे. फक्त ठाऊक होतं, की खाली त्या पुन्हा वळल्या आहेत, आणि त्यांना ढकलता येत नाही. ती रागानं मुठीनं जमीन बडवायची, उठायची, पुन्हा डोंगरावर दगड न्यायला जायची.

तिसऱ्या उन्हाळ्यात, आभाळात ढगाचं बोटही नसताना, टिटवी राजवाड्यावर घिरट्या घालत ओरडली, "ओलं! ओलं! अंडी हलवावी लागली मला!"

सोनकीनं निंबाला पाठीवर घेतलं आणि ती पात्रात धावली. वाळू काळपट दिसत होती. तिनं दोन्ही हातांनी खड्डा उकरला. खड्ड्याच्या तळाशी आधी चमक आली, मग ओंजळभर पाणी साचलं. थंड. नितळ. तिनं ते निंबाच्या तोंडाशी धरलं.

तो प्याला. पुन्हा प्याला. त्याच्या कमरेत तडकन आवाज झाला. दगडाचा पापुद्रा सुटून वाळूत पडला, मग मांड्यांवरचा, मग पिंढऱ्यांवरचा. खाली फिकट, सुरकुतलेले, माणसाचे पाय. डावा गुडघा तेवढा सुटला नाही. सोनकीनं त्याला पाणी चोळलं, चोळत राहिली. तो काळाच राहिला.

तोवर राजा येऊन पोचला होता, मागं दरबार. निंबा उभा राहिला आणि पडला.

"उचला त्याला!" राजा ओरडला.

"कुणी हात लावायचा नाही," सोनकी म्हणाली.

निंबा उठला, पडला, राजपुत्राला न शोभणारी एक शिवी हासडून पुन्हा उठला. लंगडत लंगडत तो पात्राच्या मधोमध गेला. तिथं आता वाळूतून पाणी फुटून एक बारीक धार चालू लागली होती, खालच्या गावांच्या दिशेनं. त्यानं तिच्यात पाय ठेवले आणि मागं वळून पाहिलं.

"आबा, पुतळ्याला जागा बघायला नको आता," तो म्हणाला. मग त्यानं गुडघ्यावर टकटक केलं. "हा एवढा तुमचा."

राजा ताम्रसेन दरबारासमोर वाळूत खाली बसला. कुणी त्याला उठवलं नाही. नदी त्याच्या बाजूनं वाहत गेली, पेठेतले आड हळूहळू ओले झाले, अर्धेमुर्धे दगड झालेले लोक वाळूतल्या खड्ड्यांशी रांगा लावून माणसं होऊन परतले, आणि त्या राज्यावरचा शाप उतरला. एक गुडघा ठेवून उतरला.